मैदानाकडे पाठ

सामन्याची शेवटची पाच मिनिटं उरली की आमचे सर मैदानाकडे पाठ करून उभे राहत.

हात मागे बांधलेले, मान किंचित कलती, डोळे अर्धवट मिटलेले. समोर प्रेक्षक आणि मागे रंगात आलेला कबड्डीचा सामना. पहिल्या रांगेतली माणसं अवघडून जात. एवढी चुरस चाललेली असताना हा गृहस्थ आपल्याकडे तोंड करून का उभा आहे, हे त्यांना कळत नसे. एकदा एका आजोबांना वाटलं, यांना बरं वाटत नसावं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. सरांनी दोन घोट घेतले आणि बाटली परत देता देता म्हणाले, "आता आमचा उजव्या कोपऱ्यातला घाई करणार." पाठोपाठ मागून आरडाओरडा झाला. उजव्या कोपऱ्यातल्या आमच्या खेळाडूनं घाईघाईनं झेप टाकली होती आणि चढाई करणारा त्याच्या हातातून निसटून गेला होता.

आजोबा थक्क. "तुम्हाला कसं कळलं हो?"

"मघापासून पाय वाजवतोय," सर म्हणाले. "पाय वाजायला लागला की समजायचं, पोराचा धीर सुटला."

शेवटच्या पाच मिनिटांत डोळ्यांना फक्त गुणफलक दिसतो, खेळ ऐकावाच लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे होते, कारण गुणफलकाचं काम माझ्याकडे होतं.

सर आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. नोकरी मात्र रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची. दिवसभर निळा एप्रन घालून परीक्षानळ्या, ब्युरेट आणि ॲसिडच्या बाटल्या सांभाळायचे, आणि चार वाजले की तोच एप्रन घालून मैदानावर यायचे. एप्रनला ठिकठिकाणी ॲसिडनं पडलेली भोकं होती. प्राध्यापक नसूनही सगळं कॉलेज त्यांना सर म्हणायचं. प्राचार्यसुद्धा.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा राहत असूनही ते वापरत नसत. जो जिथून येतो ते त्याचं नाव. त्यामुळे आमच्या संघात लालबाग होता, चिंचपोकळी होता, घोडपदेव होता. एकदा शिवडीहून दोघं आले तेव्हा एक शिवडी आणि दुसरा शिवडी स्टेशन झाला. मी काळाचौकी. आज पस्तिशीला आले तरी त्या काळातल्या मित्रमैत्रिणींच्या फोनमध्ये मी काळाचौकी म्हणूनच आहे.

खेळाडू निवडायची त्यांची रीतही निराळी. जुलैमध्ये नवी मुलं आली की सर कॅन्टीनच्या जिन्यावर उभे राहायचे आणि वरखाली करणाऱ्यांचे पाय बघायचे. चहाचे भरलेले ग्लास घेऊन जिना चढणाऱ्यांकडे त्यांचं विशेष लक्ष. लालबागला त्यांनी तसाच पकडला. हातात चार ग्लास, मागून कुणीतरी धक्का दिला, आणि थेंबही सांडला नाही. सर म्हणाले, "कबड्डी खेळतोस?" तो म्हणाला, "नाही. कॅरम." सर म्हणाले, "चार वाजता ये. कॅरम म्हातारपणी खेळ." तीन वर्षं आमचा डावा कोपरा लालबागनं सांभाळला.

माझी निवड प्रयोगशाळेत झाली. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. माझं रीडिंग सगळ्यांपेक्षा वेगळं आलं. शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, बाकीच्यांचं बघून बदल ना, कोण बघतंय?" मी नाही बदललं. नळ्या गोळा करत सर मागे उभे होते.

"उत्तर चुकलंय हे माहीत आहे तुला?"

"हो सर."

"मग बदललं का नाहीस?"

"मला जे दिसलं ते लिहिलं."

"चार वाजता मैदानावर ये. आमचा गुणलेखक पास होऊन गेला."

असं माझं कबड्डीशी नातं जुळलं. त्या आधी मी गल्लीतसुद्धा कधी खेळले नव्हते. पण नंतरची तीन वर्षं कॉलेजच्या प्रत्येक सामन्याचं गुणपत्रक माझ्या हातचं आहे, आणि पास झाल्यावर लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरीला लागले तरी शनिवार-रविवारचे सामने मी सोडले नाहीत. कुणाची चढाई, कुणी पकडलं, कितव्या मिनिटाला, सगळं माझ्याकडे होतं.

सर सरावात फारसं बोलत नसत. चिडले की मात्र मालवणी सुटायची. "मेल्या, खंय बघतंस?" एवढं एक वाक्य आलं की मुलं ओळीत यायची. जे बोलायचं ते सामना झाल्यावर पोस्टकार्डावर. होय, पोस्टकार्डावर. पोस्टात अजून कार्डं मिळतात हे आमच्या पिढीला सरांमुळे कळलं. ज्या मुलाला उद्या चार वाजता भेटायचंच आहे, त्याला ते आज कार्ड टाकायचे. तोंडावर बोललेलं मुलं ऐकत नाहीत, घरी आलेलं पत्र सगळं घर वाचतं, हा त्यामागचा विचार. घरच काय, सगळी चाळ वाचायची. घोडपदेवला आलेलं एक कार्ड आमच्यात पाठ होतं: "चि. घोडपदेव यास आशीर्वाद. काल तू तीन गुण मिळवलेस आणि सहा वेळा केस सारखे केलेस. दोन्हींचा मेळ बसत नाही. आईस नमस्कार." दुसऱ्या दिवशी आईनं त्याला स्वतः सलूनमध्ये नेऊन बसवला. तो आला तो डोकं सफाचट करूनच.

मलाही एक आलं होतं. बाबांनी ते जेवताना मोठ्यानं वाचलं. "गुणपत्रकावर चहाचा डाग. पंच रागावले नाहीत. मी रागावलो." बाबा म्हणाले, "माणूस बरोबर आहे." बाबा स्वतः सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. कागदावरचा डाग त्यांनाही खपायचा नाही.

आता दुसरी बाजू सांगायला हवी. आम्ही हरायचो.

नेहमी नाही. साखळीत जिंकायचो, उपांत्य फेरीपर्यंत दणक्यात जायचो, आणि मग कुठेतरी शेवटच्या पाच मिनिटांत हातचा सामना घालवायचो. आंतरमहाविद्यालयीन करंडक आमच्या कॉलेजात यायचा थांबला त्याला बरीच वर्षं झाली होती. कॉलेजच्या दारासमोर चिंचपोकळीचं झेरॉक्सचं दुकान आहे. तो सरांच्या अगदी सुरुवातीच्या संघातला, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. माजी खेळाडू, माजी विद्यार्थी, नुसते शौकीन, सगळे तिथे जमायचे. प्रत्येक पराभवानंतर तिथे एकच विषय निघायचा. सर राहावेत की जावेत?

"आता मॅटवरचा खेळ आहे रे, मातीवरचा माणूस काय करणार?" असं एकजण म्हणायचा.

"माती असो की मॅट, पोरांना उभं त्यांनीच केलं ना?"

"उभं केलं, पुढे काय? शेवटी पाठ करून उभे राहतात. कॅप्टनला इशारा कोण देणार?"

चिंचपोकळी मशीनवर पानं टाकता टाकता म्हणायचा, "सरांबद्दल बोलायचं तर हळू बोला. गिऱ्हाईक आहे." आणि मग स्वतःच सगळ्यात मोठ्यानं बोलायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्यातून कधी काही निष्पन्न होत नसे. सरांवर चिडणं हा आमचा आवडता उद्योग होता. घरच्या वडीलधाऱ्यांवर चिडतो तसा.

मग ती फायनल आली.

दादरचं मैदान, दुपारचा सामना, स्टँड भरलेलं. घोडपदेव तेव्हा शेवटच्या वर्षाला होता आणि तसा चढाईपटू आमच्या कॉलेजनं पूर्वी पाहिला नव्हता. वडील लहानपणीच गेलेले, आई एका पाळणाघरात कामाला. त्या दिवशी एका सरकारी खात्याचे निवडकर्ते खास खेळाडू बघायला आले होते. खेळाडूंच्या कोट्यातून दोन जागा भरायच्या होत्या. हे आम्हाला माहीत होतं, घोडपदेवला माहीत होतं, आणि त्याच्या आईलाही. ती सुट्टी काढून आली होती आणि स्टँडमध्ये, केव्हाच पास होऊन गेलेल्या लालबागशेजारी पदर घट्ट धरून बसली होती.

घोडपदेव असा खेळला की समोरच्या कॉलेजची मुलंही टाळ्या वाजवत होती. मध्यंतरानंतर एका चढाईत तिघांनी त्याला खेचला आणि पडताना त्याची कानशिलाची बाजू कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटली. तो उठला, हसला, मांडीवर थाप मारून परत गेला. पुढच्याच चढाईत दोन गुण घेऊन आला. साडेपाच मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो.

पाच मिनिटं उरली. सर वळले. पाठ मैदानाकडे, तोंड आमच्याकडे.

घोडपदेव चढाईला गेला. "कबड्डी, कबड्डी" सुरू झालं. सरांचे डोळे एकदम उघडले. मी त्यांच्या अगदी समोर, टेबलाशी बसले होते, म्हणून मला दिसलं. चढाई नुसती जाऊन आली, गुण नाही, बादही नाही. सर गर्रकन वळले, पंचांकडे टाइम आउट मागितला आणि घोडपदेवला बाहेर बोलावून बदली खेळाडू आत पाठवला.

स्टँडमधून शिव्यांचा पाऊस पडला. लालबाग रेलिंगवर चढला होता. "सर, काय करताय? सर! त्याला ठेवा आत!" घोडपदेव बाकावर येऊन बसला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो सामना संपेपर्यंत काढला नाही. पण सामना संपेपर्यंत त्यांनी मैदानाकडे बघितलंही नाही.

आम्ही एका गुणानं हरलो.

मी टेबल सोडून त्यांच्याकडे गेले. "सर, का?"

"त्याचा आवाज बरोबर नव्हता," ते म्हणाले. एवढंच. मग घोडपदेवला आणि त्याच्या आईला टॅक्सीत बसवून स्वतःही बसले आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, लोकांच्या तोंडाला घाबरून पळाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानासमोर पन्नासेक माणसं होती. त्या आधी कधीच एवढी नव्हती. लालबाग एका बँकेत लागला होता, तो टाय न काढताच आला होता.

"करंडक गेला खड्ड्यात," तो म्हणाला. "त्या पोराच्या नोकरीचं काय? निवडकर्ते वर बसलेत आणि हे म्हणतात आवाज बरोबर नव्हता! गाणं म्हणत होता का तो?"

"आता पत्र द्यायचं," चिंचपोकळी म्हणाला. तो असं म्हणेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "प्राचार्यांना. लेखी. बस झालं."

"लिहिणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं मराठी बरं आणि गुणपत्रकं माझ्याकडे.

मी नाही म्हणू शकले असते. पण खरं सांगायचं तर मला राग आला होता. स्टँडमधून उतरताना घोडपदेवच्या आईचा चेहरा मी पाहिला होता. आणि आकडेही खोटं बोलत नव्हते. मी घरी जाऊन जुनी पत्रकं काढली. शेवटच्या पाच मिनिटांत हातचे गेलेले सामने मोजले. नऊ निघाले. दोन दिवसांनी मी पत्राचा मसुदा घेऊन दुकानात गेले. चिंचपोकळी, लालबाग आणि आणखी चौघं-पाचजण वाट बघत होते. मी कागद काउंटरवर ठेवला तेवढ्यात सर आले. हातात प्रयोगांच्या पानांचा गठ्ठा, अंगात तोच एप्रन.

चिंचपोकळीनं कागद पटकन पालथा घातला.

"पालथा घातलेला कागद मी रोज बघतो," सर म्हणाले. "कॉपी करणारी पोरं असाच घालतात." त्यांनी तो उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी एप्रनच्या खिशातून लाल पेन काढलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

"'अनेक सामने गमावले.' अनेक म्हणजे किती?"

"नऊ, सर."

"मग नऊ लिही. प्रयोगवहीत आपण अनेक थेंब लिहितो का?" त्यांनी खूण केली. "'मनमानी' हा शब्द काढ. मनमानी करणारा माणूस स्वतःच्या मजेसाठी करतो. चुकीचे निर्णय असं लिही. आणि दोन वर्षांपूर्वीची उपांत्य फेरी राहिली. त्यात मी टाइम आउट वाचवून ठेवला आणि तो वापरलाच नाही. ती माझी सगळ्यात मोठी चूक. ती घातलीच पाहिजे."

लालबागला राहवलं नाही. "सर, हे सगळं सोडा. परवा घोडपदेवला का काढलंत तेवढं सांगा. नीट सांगा. पटलं तर आत्ता, तुमच्यासमोर, हा कागद फाडतो."

मशीनमधून सरांची पानं एकेक करून बाहेर पडत होती. सर ती पडताना बघत राहिले. शेवटचं पान पडलं.

"माझा निर्णय होता," ते म्हणाले. "तसंच लिहा."

पानं छातीशी धरून ते रस्ता ओलांडून कॉलेजात गेले. लालबाग म्हणाला, "बघितलंस? एवढा माज!" आणि सगळ्यात आधी त्यानंच सही केली. त्यानंतर मी केली. चिंचपोकळीनं सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं, पण केली.

प्राचार्यांनी महिन्याभरात नवा प्रशिक्षक नेमला. सरांनी सामानाच्या खोलीच्या किल्ल्या त्याच्या हवाली केल्या, आणि सोबत प्रत्येक खेळाडूवर अर्धं पान लिहून दिलं. कुणाचा गुडघा जपायचा, कुणाला ओरडलं की रडू येतं, कुणाला परीक्षेच्या आठवड्यात बोलवायचं नाही. नवा प्रशिक्षक मला म्हणाला, "मॅडम, हे वाचून मला भीती वाटली. एवढं कोण बघतं?" तो वाईट नव्हता. चांगला होता, तरुण होता, टॅबवर चढायांची चित्रं दाखवायचा. दुसऱ्याच वर्षी त्यानं करंडक आणला. दारात गुलाल उधळला, ढोल वाजले. सर प्रयोगशाळेच्या गॅलरीत आले, कठड्याला टेकून टाळ्या वाजवल्या आणि आत गेले. आत कुणाचंतरी प्रॅक्टिकल चालू होतं.

पण मला हे सगळं सरळ मनानं बघता आलं नाही. कारण त्याच्या बऱ्याच आधी, पत्र देऊन दीडेक महिना झाला असेल, एका रविवारी सकाळी घोडपदेव आमच्या घरी काळाचौकीला आला होता. हातात पेढे. त्याची निवड झाली होती. माझ्या आईनं त्याला चहा दिला, बाबांनी पाठ थोपटली. निघताना तो म्हणाला, "ताई, जरा खालपर्यंत येतेस?"

जिन्याच्या वळणावर तो थांबला.

"फायनलची शेवटची दहा मिनिटं मला आठवतच नाहीत," तो म्हणाला. "आपण हरलो हे मला दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलं."

मी कठड्याला धरून एक पायरी खाली उतरले.

"सर टॅक्सीनं थेट हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय. तशात आणखी एक फटका बसला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही म्हणाले. महिनाभर काही करायचं नाही. आई सरांच्या पाया पडली. म्हणाली, बाहेर कुणाला कळू देऊ नका, पोराच्या डोक्याला लागलंय म्हटलं की नोकरी कोण देईल? महिन्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली, मगच मी शारीरिक चाचणीला गेलो. सरांनीच तसं बजावलं होतं."

"अरे, मग पत्राचं तुला कळलं नाही?"

"कळलं. मी सरांकडे गेलो होतो, सांगतो म्हणालो सगळ्यांना." त्यानं मान खाली घातली. "त्यांनी मला घराबाहेर काढलं. म्हणाले, नोकरी पक्की होईपर्यंत तोंड उघडलंस तर माझ्याशी बोलू नकोस. ताई, तुला सांगितलं, कारण मला एकट्याला झेपत नव्हतं. तू पण नको सांगूस. दोन वर्षं, प्रोबेशन संपेपर्यंत."

त्याच दिवशी मी सरांच्या घरी गेले. लोअर परळला चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. मागे काचेचा टॉवर उभा राहिला होता आणि त्याची सावली अख्ख्या गॅलरीवर पडायची. काकूंनी दार उघडलं. "ये गो बाय, बस. हे कोलंबी साफ करतहत." सर खरोखरच मोरीपाशी पाटावर बसून कोलंबी सोलत होते. मला बघून त्यांनी हात धुतला नाही, काम चालूच ठेवलं.

"घोडपदेव येऊन गेला वाटतं तुझ्याकडे."

"सर, मी उद्या प्राचार्यांना भेटते. पत्र मागे घेते. त्याचं नाव न घेता काहीतरी सांगते."

"काय सांगणार?"

"आमची चूक झाली म्हणून."

सरांनी कोलंबी खाली ठेवली. "तू नऊ सामने लिहिलेस. त्यातला हा एक सोड. आठ राहिले. ते आठ मी घालवले की नाही?"

मी पाटाशेजारच्या सालांकडे बघितलं.

"जे दिसलं ते लिहिणारी पोरगी तू. सांग ना."

"घालवलेत," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"मग पत्र बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडका नव्हता, दुखावलेलाही नव्हता. "पोरं नवीन पद्धतीनं खेळतात, मला ते जमत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच सोडायला हवं होतं. सवय सुटत नव्हती. चार वाजले की पाय आपोआप मैदानाकडे वळायचे." मग थोडं थांबून म्हणाले, "अजून वळतात. मग मी पोस्टाच्या गल्लीतून फेरी मारून येतो."

काकू आतून म्हणाल्या, "तिला रडवू नकात. जेवूक बसवा." मी त्या दिवशी तिथे जेवले. कोलंबीचं सुकं आणि भाकरी. सर कबड्डीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या ऑफिसात एसी किती थंड असतो याची चौकशी केली.

पुढची दोन वर्षं मी झेरॉक्सच्या दुकानात जात राहिले. "सरांनी ती फायनल घालवली" हे वाक्य दर आठवड्याला ऐकत राहिले. नव्या मुलांना तर तो किस्साच झाला होता. आवाज बरोबर नव्हता म्हणे, असं म्हणून लालबाग सरांची नक्कल करायचा आणि सगळे हसायचे. मी पिशवीत काहीतरी शोधत बसायचे. जायचं बंद करावं असं पुष्कळदा वाटलं, पण सर एकटे ऐकून घेतायत तर निदान आपण तिथून उठून जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्याच सुमारास सर निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन गावी गेले, वेंगुर्ल्याकडे. निरोपाच्या चहाला प्रयोगशाळेतले लोक होते. कबड्डीतलं कुणी नव्हतं. मी होते, पण मी सायन्सची माजी विद्यार्थिनी म्हणून.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी घोडपदेव दुकानात आला. खात्याचा टी-शर्ट घातलेला, अंगानं भरलेला. लालबाग होता, चिंचपोकळी होता, आणखी सहा-सात जण होते. गप्पा रंगल्या आणि लालबागनं सवयीनं नक्कल सुरू केली. घोडपदेवनं त्याचा हात धरला.

"नको रे. माझी नोकरी पक्की झाली. आता सांगतो."

आणि त्यानं तिथे उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुडघा, टॅक्सी, हॉस्पिटल, आईचं पाया पडणं. चिंचपोकळीनं मशीन बंद केलं. बाहेर दोन मुली परीक्षेच्या नोट्स घेऊन उभ्या होत्या, त्यांना त्यानं हातानंच थांबायला सांगितलं.

लालबाग आधी भडकला. "मग सांगायचं ना त्यांनी! मी विचारलं होतं. इथे, ह्याच काउंटरवर विचारलं होतं ना मी? एक शब्द बोलले असते तर..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पत्र दिल्यावर दीड महिन्यानं."

तो काउंटरवर दोन्ही हात टेकून खाली बघत राहिला. कुणीतरी म्हणालं, आपण सगळे वेंगुर्ल्याला जाऊया. कुणी म्हणालं, सत्कार करूया. चिंचपोकळी म्हणाला, "सत्काराला येतील का ते? शिव्या घालतील." मग म्हणाला, "फोन तरी लावा."

नंबर माझ्याकडे होता. मी लावला, स्पीकर चालू केला आणि फोन काउंटरच्या मधोमध ठेवला. आठ-दहा डोकी त्यावर वाकली. बराच वेळ वाजला.

"हॅलो," सरांचा आवाज आला. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. "कोण? काळाचौकी?"

"हो सर. दुकानातून बोलतेय. सगळे आहेत इथे."

"सगळे म्हणजे कोण?"

मी लालबागकडे पाहिलं. सगळ्यांनीच त्याच्याकडे पाहिलं. तो फोनवर आणखी वाकला.

"सर, मी लालबाग," तो म्हणाला. "सर... जेवलात का?"

"साडेचार वाजलेत रे," सर म्हणाले. "चहासुद्धा झाला. तू?"

"नाही सर. अजून नाही."

"का?"

लालबागनं हात तोंडावर धरला होता. पलीकडे सरांनी फोन ठेवला नव्हता. ते ऐकत असावेत.

"बरं," शेवटी ते म्हणाले, "आधी जाऊन जेव. मग कर फोन. मी घरीच आहे."